पाणी उतरल्यावरची शाळा

एप्रिल सरत आला की आमच्या सोलापुरात दोनच प्रश्न विचारले जातात. पारा कुठवर गेला, आणि उजनी मायनसमध्ये गेली का? धरणातलं पाणी वापरायच्या रेषेच्या खाली उतरलं, की पेपरात धरणाच्या आकड्यापुढे वजाचं चिन्ह येतं. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसतो. पाणी शून्याच्या खाली कसं जाईल, असं विचारतो. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. ते चिन्ह आलं की भवानी पेठेतल्या बायका माळ्यावरची जादाची पिंपं काढून घासायला घेतात, नळ आज येणार की परवा यावरून गल्लीत वाद होतात, आणि यंत्रमागांच्या खडखडाटातही टँकरचा हॉर्न बरोबर ओळखू येतो.

या वर्षीही ते चिन्ह आलं. शेजारच्या पद्माक्कांनी पेपर माझ्या पुढ्यात धरला आणि कपाळावर हात मारून घेतला. मीही तोंड वाईट केलं. करावंच लागतं, गल्लीत राहायचं आहे. पण खरं सांगते, मनातून मला बरं वाटलं. सगळं शहर ज्या उन्हाळ्याला शिव्या घालतं, त्याला मी गुपचूप हात जोडते. अशाच एका कोरड्या उन्हाळ्याने माझी मुलगी मला बोलती करून परत दिली होती.

यशोधरा, म्हणजे आमची यशू, आता पाचवीत आहे. तिला 'गप्प बस जरा' म्हणायची वेळ माझ्यावर दिवसातून किती वेळा येते, विचारू नका. प्रत्येक वेळी म्हणून झाल्यावर मी जीभ चावते.

ती मोठ्या गटात होती तेव्हाची गोष्ट. इंग्रजी शाळा, टाय, बूट, दारात व्हॅन. शाळा वाईट नव्हती. वर्गावरच्या बाईही वाईट नव्हत्या, वयाने लहान होत्या आणि त्यांना वरून जे सांगितलं होतं ते त्या करत होत्या. एक दिवस यशूला वर्गात लागली. तिने उठून घरच्या भाषेत सांगितलं, 'बाई, मुतायला जायचंय.' पोरं हसली. बाईंनी प्रेमाने तिला जवळ बोलावलं आणि हे इंग्रजीत कसं विचारायचं ते तिच्याकडून म्हणून घ्यायला सुरुवात केली. ते लांबलचक वाक्य पुरं होईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. पोरं पुन्हा हसली.

त्या दिवसानंतर यशू शाळेत बोलली नाही. दिवाळीनंतर घरातही बोलेनाशी झाली. आधी कुजबुज उरली, मग मान हलवणं उरलं. डॉक्टरांनी कान पाहिले, जीभ पाहिली, सगळं ठीक आहे म्हणाले, वेळ द्या म्हणाले. आम्ही वेळ दिला. व्हॅनचा हॉर्न वाजला की पोरगी कॉटखाली जाऊन बसायची. संक्रांतीच्या आधी एका सकाळी मी व्हॅनवाल्याला हात करून पुढे जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. कॉटखालून यशूचे दोन पाय दिसत होते. ते बघत मी बराच वेळ जमिनीवर बसून राहिले.

मी सात रस्त्याजवळ एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तक्रारी टाईप केल्यामुळे असेल, माझ्या अंगात थोडा कायदा मुरलाय आणि थोडा भांडखोरपणा. दुसऱ्याच दिवशी मी साहेबांना गाठलं.

"सहा वर्षं पूर्ण झाली का मुलीला?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब. पावसाळ्यात होतील."

"मग तोवर तुमच्यावर कोणाची सक्ती नाही. बालवाडीत घाला नाहीतर घरी ठेवा, तो तुमचा प्रश्न."

"आणि सहानंतरही घरीच शिकवलं तर?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. चष्मा पुसायला लागले की उत्तर सोपं नाही हे मला ठाऊक आहे. "त्यावर कायदा स्पष्ट असं काही बोलत नाही," ते म्हणाले. "चालेल असंही नाही, चालणार नाही असंही नाही. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य, एवढं मात्र लिहिलेलं आहे."

म्हणजे कायदा गप्प, पोरगीही गप्प, आणि त्या दोघांच्या मधोमध मी. पण माझ्या हातात पावसाळ्यापर्यंतची मोकळीक होती. तेवढ्या काळात यशू बोलली नाही, तर ती पुन्हा एखाद्या वर्गात तशीच मुकी बसणार होती, आणि या वेळी कायद्याने बसणार होती. झोपेत कूस बदलली तरी मला तेच आठवायचं.

ही बातमी गावी पोचायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी माझे सासरे, आबा, टेंभुर्णीच्या पुढच्या आमच्या गावाहून पहिल्या गाडीने येऊन दारात उभे. पायातली चप्पलही काढली नव्हती.

"पोरीला शाळंतनं काढली म्हनं?"

"काढली नाही आबा. घरी शिकवणार आहोत."

"घरी काय शिकवनार? भाकरी थापाया?"

मी ऑफिसातल्या आवाजात सुरू झाले. सहा वर्षांच्या आत कायदा सक्ती करत नाही, लहान मुलाला कसं वाढवायचं हे ठरवायचा हक्क आई-बापांचा असतो, वगैरे. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कायद्याला नात हाय का?" ते म्हणाले.

प्रशांत, माझा नवरा, मध्ये पडायला गेला तर आबांनी त्याला हातानेच थांबवलं.

"मला शाळंतनं धरनानं काढलं. धरनाला तोंड न्हवतं, म्हनून मी त्याला कायबी इचारलं न्हाय. तुमाला तोंड हाय. सांगा, माज्या नातीला शाळंतनं कशापायी काढली?"

आमच्या घरांत शाळा ही काय चीज आहे, हे बाहेरच्याला नुसतं सांगून कळायचं नाही. आमच्या पणज्या-आज्यांनी शाळा लांबून बघितली, कोणी वर्गाच्या दाराबाहेर बसून ऐकली. विहारात वंदना झाली की म्हातारी माणसं लेकरांना जवळ घेतात आणि नाव विचारायच्या आधी 'कितवीला हायस?' असं विचारतात. त्या रविवारी एका आजीने यशूला तेच विचारलं. मी मध्येच म्हणाले, "घरी शिकते." त्या आजीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी घरात आजारी माणूस असलेल्यांच्या वाट्याला आलेली पाहिली आहे.

आणि आबांचं तर गावच पाण्यात गेलेलं. धरण भरायला लागलं तेव्हा ते चौथीत होते. गाव उठलं, माळावर नवं गाव बसलं. नव्या गावात शाळा यायला वेळ लागला आणि तोवर आबांच्या हाती दुसऱ्याची गुरं आली होती. पुढे ती कधी सुटली नाहीत. गुरं गेली तशा मोटारी आल्या. धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे मागे पसरलेल्या पाण्याच्या काठाला, केळीवाल्यांच्या आणि ऊसवाल्यांच्या पाण्याच्या मोटारी असतात, त्या राखायचं, चालू-बंद करायचं काम आबा करतात. त्याच मोटारी जळाल्या की भवानी पेठेत प्रशांतच्या दुकानात वायंडिंगला येतात. बाप मोटारी राखतो, लेक जळालेल्या मोटारीत नवी तार भरतो.

आम्ही आबांना सगळं सांगितलं. वर्गातली ती गोष्ट, पोरांचं हसणं, कॉटखालचे पाय. चहा तसाच निवत राहिला. मग ते म्हणाले, "बोलत न्हाय म्हनून शाळा सोडायची व्हय? मी तर लई बोलायचो. माजी बी सुटलीच की." आणि चप्पल घालून संध्याकाळच्या गाडीने निघून गेले. पटलं नव्हतंच. पण जाताना त्यांनी कॉटखाली वाकून पाहिलं आणि शेंगांच्या चटणीची पुरचुंडी आत सरकवली, हे मी पाहिलं.

मग मी घरात शाळा काढली. फ्रिजच्या दारावर रंगीत वेळापत्रक. सकाळी रंग आणि आकार, मग अंक, मग गाणी, मग मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज. ऑफिसातून जेवायच्या सुट्टीत धावत येऊन मी उजळणी घ्यायचे. मी मांडीवर घेऊन 'हा कोणता रंग' विचारायचे आणि यशू त्या रंगावर बोट ठेवायची. सगळं बरोबर ओळखायची. तोंड मात्र उघडायची नाही. एकदा प्रशांत जेवता जेवता म्हणाला, "तू तिला शाळेतनं काढलंस का शाळा हिकडं उचलून आणलीस?" मी चिडले. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. घरात गप्प माणसांची संख्या तेवढ्यापुरती वाढली.

त्या दिवसांत यशूला शाळेबद्दल काही न विचारणारं माणूस एकच होतं, पद्माक्का. दुपारभर उंबऱ्यात बसून त्या तेलुगूत अखंड काहीतरी सांगायच्या आणि मध्येच विचारायच्या, "अम्मायी, तिन्नावा?" जेवलीस का, एवढंच. यशू मान हलवायची. पद्माक्कांचं तेवढ्यावर भागायचं, त्या पुन्हा आपल्या गोष्टीकडे वळायच्या. मला तेव्हा ते नुसतं वेळ घालवणं वाटायचं. आज वाटतं, त्या बाईने माझ्या मुलीला किती हलक्या हाताने सांभाळलं.

मे उजाडला. उजनी मायनसमध्ये गेली आणि जातच राहिली. कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागली म्हणजे आमच्या ऑफिसालाही अर्धी लागते. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. प्रशांत म्हणाला, "तुम्ही दोघी गावी जा. तिकडं निदान डोळ्यांपुढं तरी पाणी हाय."

डोळ्यांपुढेही ते फारसं राहिलं नव्हतं. एरवी आबांच्या घरामागच्या केळीच्या बागेला लागून पाणी असतं, ते त्या वर्षी लांब कुठेतरी एक चमकती रेघ होऊन पडलं होतं. मधे नुसता गाळ, वरून वाळलेला, आतून ओला. मोटारीवाले रोज पाईप जोडत आणि चर खणत पाण्यामागे चालले होते. ट्रॅक्टर, मोटारसायकली, डोक्यावर पाईप घेतलेली माणसं. चिलापी मासळीचा वास दिवसभर अंगाला चिकटून राहायचा. पहाटे मात्र वारा गार असायचा आणि पाण्याच्या कडेला रोहित पक्ष्यांचे थवे उभे असायचे. यशू घराच्या ओट्यावर बसून त्यांच्याकडे बघत राहायची. मी वेळापत्रक बरोबर नेलं होतं. आबांनी ते वाचलं, घडी केली आणि चुलीवरच्या फळीवर ठेवून दिलं. मी ते परत मागितलं नाही आणि शोधलंही नाही.

एका पहाटे त्यांनी आम्हाला हलवून उठवलं. "चला. शाळा वर आलीया."

मला वाटलं झोपेत बोलताहेत. पण ते खराटा खांद्यावर टाकून निघालेसुद्धा. गाळाला भेगा पडल्या होत्या, त्यांवरून उड्या मारत यशू त्यांच्या मागे आणि चपला हातात घेऊन मी यशूच्या मागे. बरंच चालल्यावर एक दगडी चौथरा दिसला. भिंती नाहीत, छप्पर नाही, नुसता चौथरा आणि दारापुढच्या पायऱ्या. दगडांच्या फटींत शिंपले भरलेले. एका कोपऱ्याला कोणाच्या तरी जाळ्याचा तुकडा अडकला होता. आबांनी खराट्याने गाळ झाडायला घेतला. त्या झाडण्यात काही घाई नव्हती, रोज झाडणाऱ्या माणसासारखे ते झाडत होते.

"हितं मोठं सर बसायचं. हितं चौथी. हितं पानी प्यायचा रांजन. आमी बाहिर प्यायचो, ते तितं." बोट दाखवून त्यांनी पुन्हा खराटा चालवला.

मग त्यांनी यशूला पायरीवर बसवलं. "तू बी बस," मला म्हणाले. "तुला बी शिकायची गरज हाय." मी बसले. सासऱ्यांनी सुनेला वर्गात बसवल्याचं उदाहरण आमच्या गावात दुसरं नसावं. पाण्याकडे चाललेल्या एका मोटारीवाल्याने गाडी थांबवून विचारलं, "किसनभाऊ, काय चाललंय?" आबा म्हणाले, "दिसत न्हाय व्हय? शाळा भरलीया."

पहिली हजेरी. आबा सरांच्या जागी उभे राहिले, हात मागे बांधले आणि त्यांच्या चौथीच्या वर्गाची नावं घ्यायला लागले. सगळी तोंडपाठ होती. नाव तेच घ्यायचे, उत्तरही तेच द्यायचे.

"दगडू मारुती." जरा थांबून, "पुन्याला. कंपनीत वाचमन."

मग उगीच थोडा वेळ गप्प. मग, "सुभाष गेनबा. वारला."

"मैना रामा. नांदाया गेली. कुटं असंल कोन जानं."

अशी सगळी नावं झाली, आणि शेवटी आवाज चढवून, "यशोधरा प्रशांत."

यशू खाली बघत शिंपला उकरत राहिली. मी तिला कोपराने हळूच ढोसलं. "बोल ना, हजर म्हण."

"टोचू नगं तिला," आबा म्हणाले. "बसलीय की. दिसतीय की. हजर."

आणि झालं. लागली हजेरी.

रोज पहाटे आम्ही जात होतो, ऊन चढायच्या आत परतत होतो. आबा शिकवत काय होते म्हणाल तर सांगता येणार नाही. ओल्या गाळात बोटाने अक्षर काढायचे. ऊन लागलं की ते वाळायचं, दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटातून भेग गेलेली असायची. मग तेच अक्षर शेजारी पुन्हा. काही दिवसांनी यशू काडीने आपलं आपण काढायला लागली. कधी शिंपले मांडून मोजायचे, कधी रोहित किती वेळ एका पायावर उभा राहतो ते नुसतं बघायचं. कधी काहीच नाही. मला आधी चुळबुळ व्हायची, मग हळूहळू थांबली. हजेरी मात्र रोज, आणि रोज शेवटी तेच. "दिसतीय की. हजर."

तिथे पायरीवर बसून मी पुष्कळ विचार केला. साहेबांनी दाखवलेलं कलम आठवायचं. इतके महिने मी हक्क हक्क करत होते, तो आई-बापांचा. पण कायद्यात हक्क लिहिलाय तो लेकराचा. आमच्या नावापुढे आहे ते कर्तव्य. मी आणि आबा दोघंही यशूवरून भांडत होतो, ती आमच्यापैकी कोणाची तरी असल्यासारखे. आणि जो माणूस माझ्या मुलीसाठी रोज पहाटे गाळ झाडत होता, त्याचं नाव तर कुठल्याच कलमात नव्हतं. आजोबांसाठी कायद्याने एक ओळही ठेवलेली नाही. बरंच झालं म्हणा, ठेवली असती तरी आबांनी ती वाचून घडी करून फळीवर ठेवली असती.

मग ती सकाळ. वारा पडला होता, पाणी अजून थोडं मागे गेलं होतं. आबांनी नेहमीसारखी सुरुवात केली. "दगडू मारुती. पुन्याला." नेहमीसारखे गप्प झाले. पुढची नावं घेतली. "यशोधरा प्रशांत. दिसतीय की. हजर." आणि खराटा उचलायला वाकले.

"आबा, तुमचं नाव कोन घेनार?"

मला आधी कळलंच नाही कोण बोललं. आवाज घोगरा होता. चार दिवसांनी नळ येतो तेव्हा आधी हवा खरखरते आणि मग पाणी येतं, तसा. यशू पायरीवर उभी होती.

आबा वाकलेले तसेच राहिले. "माजं? मी सर हाय की आता."

"पन तुमी बी ह्याच शाळंत व्हता की."

आम्हाला कोणालाच कळलं नव्हतं ते तिने ओळखलं होतं. दगडूच्या नावानंतर आबा रोज जिथे गप्प व्हायचे, तिथे एक नाव होतं. गाव उठल्यापासून ते कोणी घेतलं नव्हतं, आणि स्वतःचं नाव स्वतः कसं घ्यायचं म्हणून ते रोज गिळत होते. यशूने हात मागे बांधले. पणजोबांचं नाव तिला भिंतीवरच्या फोटोमुळे माहीत होतं.

"किसन लिंबाजी," ती म्हणाली.

लई बोलणारे माझे सासरे, कायद्याला नात आहे का विचारणारे. पाण्याकडे तोंड करून त्यांनी खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांना लावला. यशूने थोडी वाट पाहिली. मग अगदी त्यांच्याच सुरात म्हणाली, "दिसतायत की. हजर."

मी रडले, हे सांगायला मला लाज नाही. गाळात उभं राहून मोठ्याने रडले. पाईप वाहणारी माणसं थांबून बघायला लागली, तेव्हा आबाच म्हणाले, "काय न्हाय, जावा. सुनबाईला माहेर आठवलंय."

त्यानंतर यशू एकदम भडाभडा बोलायला लागली असं काही झालं नाही. दिवसाला दोन-चार वाक्यं, तीही बहुतेक आबांशी आणि मोटारीशी. पण आम्हाला तेवढी पुरत होती. मी आणि प्रशांत फोनवर तेच बोलायचो, आज काय म्हणाली. 'मोटार तापली म्हणाली.' 'अजून?' 'रोहित उडाले म्हणाली.' दुसरं काही विचारायचं आम्हाला सुचत नव्हतं.

जूनमध्ये आबा आमच्याबरोबर सोलापुरात आले. नातीला शाळेत मीच घालणार म्हणाले. आमच्या पेठेजवळच्या महापालिकेच्या मराठी शाळेत गेलो. मी तयारीने गेले होते. वयाप्रमाणे वर्ग मिळालाच पाहिजे, लेकराची मुलाखत घेता येत नाही, आधीच्या शाळेवरून अडवता येत नाही, सगळी कलमं जिभेवर होती. मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, आधी बसा तरी. उन्हातून आलात, पाणी घ्या." कलमं जिभेवरच विरघळली.

"आधी कुठल्या शाळेत होती?" त्यांनी विचारलं.

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात आबा म्हणाले, "माज्या शाळंत."

"कुठली हो तुमची शाळा?"

"धरनातली."

बाई हसल्या, मग आबांचा चेहरा बघून हसायच्या थांबल्या. आबा पुढे झाले. "बाई, येक करा. हजेरीला पोरगी बोलली न्हाय, तर गैरहजर धरू नगा. दिसली की हजर धरा."

"आजोबा, पहिलीचा वर्ग माझ्याकडेच आहे. तेलुगू घरातली लेकरं येतात, कानडी येतात, उर्दू बोलणारी येतात," बाई म्हणाल्या. "पहिले काही दिवस निम्मा वर्ग गप्पच असतो. मी डोळ्यांनीच हजेरी घेते."

एवढंच. ज्या वाक्यासाठी मी सहा महिने भांडायला निघाले होते, ते मला पाण्याच्या ग्लासाबरोबर आयतं मिळालं. त्या बाईंना मी आजही रस्त्यात दिसल्या की वाकून नमस्कार करते. त्या संकोचतात, म्हणतात, अहो काय हे. मी करतेच.

पहिल्या दिवशी आम्ही तिघंही खिडकीशी उभे होतो, तिथून जायला सांगूनही हललो नव्हतो. बाईंनी नाव घेतलं, "यशोधरा प्रशांत." प्रशांतने खिडकीचा गज घट्ट धरला. यशूने मान खाली घातली. बाईंनी वर पाहिलं, म्हणाल्या, "आलीय. छान वेणी घातलीय," आणि पुढचं नाव घेतलं. कोणी हसलं नाही. यशूने हळूच आपल्या वेणीला हात लावून पाहिला. आबा माझ्या कानाशी म्हणाले, "चला आता. ही शाळा बरी हाय."

'हजर' हा शब्द ती नेमका कोणत्या दिवशी म्हणाली, ते मला माहीत नाही. पुढे कधीतरी जेवताना, भाकरीचा तुकडा मोडत, सहज म्हणाली, "आता मी हजर म्हणते." मी विचारलं, कधीपासून? तर म्हणाली, "लई दिवस झाले की." आणि चटणी मागितली. श्रावणात पाणी चढलं तेव्हा आबांचा फोन आला होता, "शाळा गेली बग पान्यात." आवाजात दुःख नव्हतं. "माजी बुडाली तवा दुसरी न्हवती," ते म्हणाले. "हिला हाय."

मधली वर्षं चांगल्या पावसाची गेली. पाणी उतरलं तरी चौथऱ्यापर्यंत उतरलं नाही. या वर्षी वजाचं चिन्ह आलं आणि मागोमाग आबांचाही फोन आला. "पायऱ्या दिसाया लागल्यात. रविवारी पोरीला घिऊन या."

गेलो. आबा आता काठी घेतात, गुडघा धरून चालतात. खराटा यशूने घेतला. तिने गाळ झाडला, फटींतले शिंपले काढले, जाळ्याचा तुकडा लांब नेऊन टाकला. मग आबांना हाताला धरून पायरीवर बसवलं, मला आणि प्रशांतला त्यांच्या शेजारी. स्वतः सरांच्या जागी जाऊन उभी राहिली आणि हात मागे बांधले. नावं तिला अजून पाठ आहेत.

"दगडू मारुती."

"मागच्या साली वारला," आबा म्हणाले.

यशू तिथे थांबली नाही. "किसन लिंबाजी."

आबांनी काठी बाजूला ठेवली. प्रशांत आधाराला हात द्यायला गेला, तो त्यांनी झिडकारला. गुडघ्यावर हात टेकून ते उभे राहिले, शाळेत उभं राहतात तसे, सरळ.

"हजर, बाई."

यशूने मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं.